आश्विन पौर्णिमेचे दान : केळीच्या पानातला चिकट भात

वर्षावासाची सांगता आश्विन पौर्णिमेला होते. थायलंडमध्ये या सुमारास उपासक-उपासिका भिक्खूसंघाला ‘खाव तोम मत’ दान करतात. 1956 नंतर आपण जुने सण सोडले. वंदना आली, व्याख्याने आली, स्वयंपाकघर मात्र बरेचसे मोकळेच राहिले. गोराईला 2009 मध्ये श्वेडगॉनच्या धर्तीचा पॅगोडा खुला झाला. बौद्ध देशांतील वास्तुरूप आपल्या उपनगरात आले, पदार्थ आले नाहीत.

यासाठी चिकट तांदूळच हवा. त्यात अमायलोज हा स्टार्च जवळजवळ नसतो, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात. आंबेमोहोर मऊ होतो, पण असा बांधला जात नाही. आसामचा बोरा तांदूळ याच प्रकारचा.

अर्धा किलो तांदूळ रात्रभर भिजवून निथळावा. दोन वाट्या नारळाचे घट्ट दूध, अर्धी वाटी साखर व चिमूटभर मीठ कढईत तापवून त्यात तांदूळ दूध आटेपर्यंत परतावा. दाणा अर्धकच्चाच राहू द्यावा. केळीचे पान विस्तवावर शेकावे, एरवी ते घडी घालताना फाटते. पानावर भात, त्यावर उभे चिरलेले पिकलेले केळे, पुन्हा भात. अशा दोन पुड्या समोरासमोर ठेवून दोऱ्याने बांधाव्यात. ‘मत’ म्हणजे बांधणे. मोदकपात्रात तासभर वाफवावे. भांड्याला कसला आला धर्म!

भिक्खू मध्यान्हानंतर भोजन घेत नाहीत, तेव्हा पहाटेच सुरुवात करावी. उरलेल्या पुड्या त्याच दिवशी संपवाव्यात; मुंबईच्या ऑक्टोबरात नारळ लवकर आंबतो.