निमो घरी आणायच्या आधी

आपल्या धाराशिवच्या बहुतेक लेकरांनी समुद्र पाहिलेला असतो तो पडद्यावर. आमच्या लेकीनंही ‘फाइंडिंग निमो’त पाहिला आणि तसाच नारिंगी मासा हवा म्हणून वर्षभर मागे लागली. शेवटी वाढदिवसाला टाकी आणली. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या भागात माशांसाठी 100 लिटर पाणी! मनाला टोचत होतं, तरी आणली.

दिवसभर कामात तिला वेळ देता येत नाही, त्याची भरपाई आपण वस्तूंनी करतो. मीही केली. पहिल्याच आठवड्यात चार मासे, प्रवाळ, निळे दिवे. दहा दिवसांत तीन मासे गेले. ती शाळेत असताना मी ते काढून टाकले आणि “दगडामागं लपलेत” म्हणून सांगितलं.

दोन दिवस ती बॅटरी घेऊन दगडामागं शोधत होती. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, “आई, मी जास्त खायला घातलं का गं?”

त्या रात्री मला झोप आली नाही. चूक तिची नव्हतीच, घाई आमची होती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया होतो, तो त्यांना विषासारखा. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू दगड-वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. हे मी तिला सगळं खरं सांगितलं. ती रडली, पण माझ्या कुशीत रडली.

दुसऱ्यांदा आम्ही साधंच ठेवलं. सच्छिद्र दगड, थोडी वाळू, एक पंप. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मत्स्यालयाचं समुद्री मीठ लिटरला साधारण 35 ग्रॅम, आरओच्या पाण्यात. आपलं बोअरचं जड पाणी नकोच. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला. दर पंधरा दिवसांनी टाकीतून बदललेलं दहा लिटर खारट पाणी मात्र तुळशीला चुकूनही घालू नका.

उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडतो. माठासारखंच, पाणी उडतं आणि गारवा येतो. पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची. काचेवर चिकटपट्टीची खूण केलीय. तिथपर्यंत भर घालणं हे लेकीचं काम, आणि ते ती कुणालाही करू देत नाही. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवलाय.

मासे दोनच, हॅचरीत वाढलेले क्लाउनफिश. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रानं त्यांची पैदास करून दाखवली आहे. प्रवाळातून पकडून आणलेला मासा कशाला घ्यायचा? खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आजीचा जीव तुटतो, पण लेकच तिला समजावते.

तुमच्याकडे हा हट्ट चालू असेल, तर चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून पुन्हा शून्य येईपर्यंत मासे आणू नका. तोवर रोज संध्याकाळी पाच मिनिटं लेकराला जवळ घेऊन त्या रिकाम्या टाकीसमोर बसा.