विश्वासाचे नेतृत्व : कोकण रेल्वेपासून घ्यावयाचा धडा

नेतृत्व हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे सभा, व्यासपीठ आणि भाषण येते. पण आपल्या सभासदांपैकी बहुतेकांचा दिवस व्यासपीठावर जात नाही. तो कचेरीत, शाळेत, एस.टी.च्या आगारात, बँकेत, बंदरावर किंवा कारखान्यात जातो. तेथे कोणी चार माणसांचा प्रमुख असतो, कोणी चाळीसांचा. आपल्या पुष्कळ मुलामुलींच्या बाबतीत तर अधिकाराच्या खुर्चीवर बसणारी ती घराण्यातील पहिलीच पिढी आहे. त्या खुर्चीवर कसे बसावे, हे त्यांना घरात कोणी दाखविलेले नाही.

ऑर्डर निघाली की खुर्ची मिळते. हाताखालच्या माणसांचा विश्वास मात्र रोजच्या सवयींनी मिळवावा लागतो. या सवयी कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. त्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. आपल्या रत्नागिरीच्या डोंगरांतून गेलेली कोकण रेल्वे हेच आपले पाठ्यपुस्तक आहे.

काम केवढे होते?

कोकणात रेल्वे यावी ही मागणी कित्येक पिढ्यांची होती. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भारतीय रेल्वेबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही चार राज्ये त्यात भागीदार झाली. रेल्वे बोर्डावरून निवृत्त झालेले अभियंता ई. श्रीधरन यांच्याकडे प्रमुखपद आले. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग, ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल, असा हा पसारा होता. आपल्या जिल्ह्यातील करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तर पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे. आम्ही शाळेत असताना डोंगरातल्या सुरुंगांचे आवाज ऐकले आहेत.

पाच वर्षांत काम संपविण्याचा संकल्प होता. गोव्यात मार्गाबद्दल वाद झाला, पेडण्यासारख्या ठिकाणी मऊ मातीतले बोगदे खणता खणता ढासळत. तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. एवढे काम एका माणसाच्या हुशारीने होत नाही. हजारो माणसांनी एकमेकांवर विसंबून ते केले. हे विसंबणे कशामुळे शक्य झाले, ते आता पाहू.

पहिली सवय : अधिकार खाली देणे

संपूर्ण मार्गाचे सात विभाग करण्यात आले : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभागावर एक मुख्य अभियंता नेमला गेला, आणि जागेवरचे निर्णय जागेवरच घेण्याचा अधिकार त्याला देण्यात आला. बेलापूरच्या मुख्य कचेरीतून प्रत्येक कागद परत येण्याची वाट पाहिली असती, तर मार्ग कागदावरच राहिला असता.

आपल्याकडे अनेक प्रमुख काम वाटून देतात, पण सही स्वतःकडे ठेवतात. मग हाताखालचा माणूस विचार करणे सोडतो आणि ‘साहेबांना विचारा’ एवढेच शिकतो. ज्याला काम दिले त्याला निर्णयही द्यावा. तो चुकेल हे धरूनच द्यावा.

दुसरी सवय : दिलेला शब्द पाळणे

सरकारी कामात ठेकेदाराचे बिल महिनोन्महिने अडकते, हा सर्वांचा अनुभव. कोकण रेल्वेने बिलाची मोठी रक्कम थोड्याच दिवसांत देण्याची पद्धत ठेवली. पैसा वेळेवर मिळतो म्हटल्यावर कामही वेळेवर मागता आले. जमिनीसाठी ४०,००० हून अधिक जमीनमालकांशी व्यवहार करावे लागले. महामंडळाची माणसे गावोगाव, घरोघर गेली, लोकांशी बोलली. शब्द देणारा माणूस समोर उभा असला की लोकही ऐकून घेतात.

आपल्या कचेरीतही हेच आहे. रजा देतो म्हटले तर द्यावी. शिफारस करतो म्हटले तर करावी. जमणार नसेल तर त्याच दिवशी ‘नाही’ म्हणावे. ताटकळत ठेवण्यापेक्षा नकार बरा.

तिसरी सवय : सर्वांना एकच हिशेब दाखविणे

कोकण रेल्वेच्या कचेऱ्यांत उलटी घड्याळे लावली होती. काम पूर्ण होण्याच्या तारखेला किती दिवस उरले, ते त्यावर दिसे. प्रमुखाला जो आकडा दिसे, तोच शिपायालाही दिसे. काम कोठवर आले, अडले कोठे, हे जेव्हा सर्वांना ठाऊक असते, तेव्हा माणसे एकमेकांच्या मदतीला धावतात. माहिती दाबून ठेवणाऱ्या प्रमुखाच्या हाताखाली मात्र अफवा वाढतात.

बोलणी एकाच टेबलावर व्हावीत, हा विचार आपणांस नवा नाही. पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे मंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसावे अशा त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या काळात भरल्या. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, तो बोलणीत हजर असावा, हे त्यामागील तत्त्व होय.

चौथी सवय : शेवटच्या माणसाला गाडी थांबवू देणे

ही सवय आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला असाच अपघात झाला. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करणे, कातळाला जाळ्या बांधणे आणि रुळांवरची गस्त वाढविणे यांवर अधिक भर देण्यात आला.

भर पावसात, काळोखात, हातात बत्ती घेऊन रुळांवरून चालणारा गस्तवाला पगाराने खालच्या पायरीवर असतो. पण दरड दिसली आणि त्याने लाल बत्ती दाखविली, की शेकडो प्रवाशांची गाडी थांबते. त्याच्याकडे तेथे कोणी लेखी परवानगी मागत नाही. उद्या दरड किरकोळ निघाली आणि ‘उगाच गाडी का थांबवलीस?’ असे त्याला कोणी दरडावले, तर परवा खरी दरड दिसूनही त्याचा हात कचरेल.

रत्नागिरी स्थानकाजवळ श्रमशक्ती स्मारक आहे. हा मार्ग उभारताना ज्यांचे प्राण गेले, त्यांचे ते स्मरण आहे. घड्याळ जितके घाईचे, तितके खालच्या माणसाचे ऐकण्याची जबाबदारी मोठी, हे त्या स्मारकापुढे उभे राहिले की मनात येते.

आमचा स्वतःचा अनुभव

बँकेत लागून आम्हांला दोन-तीन वर्षे झाली होती. त्या वेळचे साहेब चूक सापडली की ग्राहकांसमोर मोठ्याने बोलत. एकदा रोख कमी भरली तेव्हा एका सहकाऱ्याला सर्वांदेखत नको ते बोलले. त्या दिवसापासून शाखेत चुका कमी झाल्या असे वाटू लागले. खरे म्हणजे चुका तेवढ्याच होत्या, त्या झाकल्या जाऊ लागल्या होत्या.

अशात आमच्या हातून एका आजींचे निराधार योजनेचे पैसे खातेक्रमांकातील एका आकड्याच्या चुकीने दुसऱ्याच्या खात्यात गेले. दुसऱ्या दिवशी ते आमच्या ध्यानात आले. सांगायला उठलो, आणि केबिनमधला आवाज ऐकून परत बसलो. आजी एस.टी.चे पैसे खर्चून दोनदा आल्या. ‘अजून आले नाहीत, आजी, पुढच्या आठवड्यात बघा,’ असे आम्ही सांगितले. त्या ‘बरं हो बाळा’ म्हणून गेल्या. ती लाज आजही गेलेली नाही.

त्याच सुमारास साहेब बदलले. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सर्वांना बसवून सांगितले, “चूक दिसली की त्याच दिवशी मला सांगा. सांगितलेल्या चुकीबद्दल वर उत्तर मी देईन. लपवलेल्या चुकीबद्दल मात्र तुम्ही द्यायचे.” त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना सर्व सांगितले. त्यांनी त्या दुसऱ्या खातेदाराशी बोलून पैसे फिरवून घेतले. आजी आल्या तेव्हा ते स्वतः काउंटरवर आले आणि म्हणाले, “आजी, चूक आमच्या शाखेची होती, माफ करा.” आमचे नाव त्यांनी घेतले नाही. नंतर केबिनमध्ये आम्हांला चांगलेच सुनावले, पण दार लावून. त्यांच्या काळात चुकांची नोंद वाढली आणि तक्रारी कमी झाल्या.

लाल बत्ती आमच्याही हातात होती. पहिल्या साहेबांच्या धाकाने ती वर उचलली नाही, हा दोष त्यांचा. पण हात आमचा होता, हेही आम्ही विसरत नाही.

पाचवी सवय : दोष आधी स्वतःचा विचारणे

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणा होते. आपल्या वागण्यात कोणी दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा कोणाला शंका आली असेल, तर तो सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खू प्रथम करतो, हे ध्यानात घ्यावे. ज्येष्ठाने आधी विचारले की कनिष्ठाला सांगण्याचे आणि ऐकण्याचे, दोन्ही बळ येते. महिन्यातून एकदा आपल्या माणसांना ‘माझ्यामुळे तुमचे काम कोठे अडते?’ असे विचारणारा प्रमुख हेच करीत असतो. उत्तर आले की रागावू नये, नाहीतर दुसऱ्यांदा उत्तर येणार नाही.

आपल्या संस्थेसाठी

या सवयींचा सराव करण्यास आपली संस्था ही उत्तम शाळा आहे. जयंतीच्या कार्यक्रमाची जबाबदारी तरुणांना द्यावी, आणि दिल्यावर मध्ये हात घालू नये. वर्गणीचा जमाखर्च फलकावर लावावा. सभेत अध्यक्षांनी शेवटी बोलावे. कोणी चूक दाखविली तर ‘तू कालचा पोरगा’ असे न म्हणता ती इतिवृत्तात लिहावी. येथे जे तरुण हे शिकतील, ते उद्या कचेरीत आपल्या हाताखालच्यांना तसेच वागवतील.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांवर गटात चर्चा करावी :

१. काम देणे आणि अधिकार देणे यांत फरक काय? आपल्या शाळेतील वा घरातील एक उदाहरण द्या.

२. चुकांची नोंद वाढली म्हणजे काम बिघडले, असे म्हणता येईल का?

३. तुम्ही लाल बत्ती उचलायला हवी होती, पण उचलली नाही, असा प्रसंग आठवा. तेव्हा तुमच्या वरच्या माणसाने काय केले असते तर तुमचा हात वर गेला असता? आणि तुमच्या हाताखाली कोणी असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही ते आज करता का?