पाणकणसातील तापस

नाशिकच्या पूर्वेस, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून जी विस्तीर्ण दलदल निर्माण झाली, तिला २०२० च्या आरंभी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. नांदूर मध्यमेश्वरच्या या अभयारण्यात बदके पाहण्यासाठी येणारे बहुसंख्य प्रवासी काठच्या पाणकणसातील तापस न पाहताच परततात. बगळ्यांच्या कुळातील हा पक्षी पाहावयाचा, तर प्रथम घाई सोडली पाहिजे.

पहाटे उजाडण्यापूर्वीच पोहोचता येईल अशा बेताने आदल्या रात्रीचा मुक्काम निफाड परिसरात करावा. वनखात्याच्या चौकीवर रीतसर नोंद करून, मळकट रंगाची वस्त्रे लेवून, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी, आणि जेथे पाणकणीस संपून उथळ पाणी सुरू होते त्या सरहद्दीवर दुर्बीण संथपणे फिरवीत राहावे. चाहूल लागताच तापस मान ताणून चोच आकाशाकडे रोखतो. गळ्यावरील उभ्या रेघा पात्यांच्या छायेत मिसळतात, वारा आला की तोही पात्यांबरोबर किंचित डोलतो, आणि चोच वर असतानाही त्याचे पिवळे डोळे खालच्या बाजूने समोर रोखलेले असतात.

तापसाच्या निरनिराळ्या जातींची ओळख पटते ती बहुधा उडताना. पिवळ्या तापसाच्या फिकट पंखांची उड्डाणपिसे काळी असतात. तांबूस तापसाचे पंख सर्वत्र एकरंगी तांबूस दिसतात. काळा तापस या दोघांहून बराच मोठा, आणि त्याच्या मानेच्या कडेला पिवळा पट्टा असतो. ढोकरी मात्र उडताच पांढरेशुभ्र पंख उघडते, म्हणून तिच्याविषयी संभ्रम उरत नाही. कोकण-गोव्याकडील वाचकांनी पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेने तांबूस तापसाचा शोध घ्यावा. मात्र शेतकऱ्याची परवानगी घेतल्यावाचून बांधावर पाऊल टाकू नये.

जून ते सप्टेंबर हा तापसांच्या विणीचा काळ असून घरटी बहुधा पाणकणसात, पाण्याच्या पातळीपासून थोड्याच उंचीवर असतात. तेव्हा टाळ्या वाजवून, खडे मारून वा ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्षी उठविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गावालगतच्या तळ्याकाठचे पाणकणीस निरुपयोगी समजून कोणी जाळू वा उपटू लागले, तर त्यात कोण राहते हे त्यांना आवर्जून सांगावे, आणि ते राखून ठेवण्याची विनंती ग्रामपंचायतीकडे लेखी करावी.