रोबोवर बोलायला उभी राहशील तेव्हा

अगं, तुला बचाव-रोबोंवर बोलायला बोलावलंय हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण स्लाइड्स करायला बसण्याआधी थोडं माझं ऐक. समोर बसलेल्यांपैकी एखादीच्या घरचं माणूस कधीतरी ढिगाऱ्याखाली गेलेलं असू शकतं. म्हणून या विषयात खऱ्यापेक्षा एक शब्दही जास्त बोलायचा नाही.

पहिला प्रश्न कोणता येणार ते आत्ताच सांगते: "सिलक्यारात तुमचे रोबो काय करत होते?" टाळू नकोस त्याला. 2023च्या नोव्हेंबरात उत्तरकाशीजवळच्या त्या बोगद्यात 41 मजूर 17 दिवस अडकले होते. सहा इंची पाइपातून आत सरकवलेल्या कॅमेऱ्यामुळे त्यांचे चेहरे बाहेर दिसले, खोदणारं ऑगर यंत्र अडकून मोडलं आणि शेवटचे काही मीटर माणसांनी हातांनी खोदले. हे असंच सांग. मग म्हण, तो पाइपातला कॅमेराही आमच्याच विषयातला. अडकलेल्याला ओढून काढणं हे आमचं काम फारसं नाहीच; आत काय आहे ते बाहेरच्यांना वेळेवर दिसलं पाहिजे, हे आमचं काम.

मग सुरुवातीची गोष्ट सांग. 2001 मध्ये न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात बचाव-रोबो पहिल्यांदा उतरले. त्यांना एकही जिवंत माणूस सापडला नाही. तरी माणूस आणि कुत्रा शिरू शकत नाहीत अशा फटींत ते गेले. आणि घोडं अनेकदा यंत्रापेक्षा माणसापाशी अडतं, चालवणाऱ्या थकलेल्या माणसाला पडद्यावर नेमकं काय दिसतंय हेच उमगत नाही, हेही तिथे कळलं. तिथे काम केलेल्या रॉबिन मर्फी यांचं 'डिझास्टर रोबोटिक्स' वाचूनच जा.

आता सॉफ्टवेअरच्या रचनेचं. चौकोन आणि बाणांची ती आकृती सुरुवातीलाच टाकू नकोस, आधी फुकुशिमा सांग. क्विन्स हा जपानी रोबो 2011च्या जूनपासून तिथल्या अणुभट्टीच्या इमारतीत जात होता. जाड काँक्रीटमुळे आत वायरलेसचा भरवसा नव्हता, म्हणून त्याला केबल जोडलेली. ऑक्टोबरात ती तुटली आणि क्विन्स दोन नंबरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अडकून पडला. इथे थांब आणि विचार, संपर्क तुटल्यावर रोबोने काय करावं? जागीच थांबावं, आल्या वाटेने परतावं की हातातलं काम पुरं करावं? लोक आपसांत वाद घालायला लागतील. तो वाद होऊ दे, घाई करू नकोस.

मग आकृती दाखव. मोटारी थांबवणारा सगळ्यात खालचा थर वरच्या कशावरही अवलंबून का नाही, नकाशा बनवणारा नोड, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, बंद पडला तरी कॅमेऱ्याचं चित्र येत राहावं म्हणून काय केलंय, संदेश थेट न जाता टॉपिक नावाच्या सामायिक वाहिनीवरून गेल्यामुळे एक नोड बदलताना बाकीच्यांना हात का लावावा लागत नाही, हे सांग. आता प्रत्येक बाणाला कारण असेल. 'आम्ही आरओएस (रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम) वापरलं' एवढं म्हणून पुढे सरकणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांतून ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

रोबो धडाधड पडतात ते अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेच्या 2015च्या रोबो-स्पर्धेतले व्हिडिओ तुला मोहात पाडतील. सभागृह हसतं खरं, पण नुसत्या हसण्यासाठी ते लावू नकोस. तिथे संपर्क मुद्दाम खंडित केला जात होता हे सांग. आणि जिंकलेला कोरियाचा ह्यूबो दाखव. सपाट जमिनीवर तो गुडघे टेकून चाकांवर सरकायचा. दोन पायांवर चालण्याचा हट्ट सोडणं हा त्या रचनेतला शहाणा निर्णय होता. तुझा स्वतःचा व्हिडिओ दहापट वेगाने लावणार असशील तर कोपऱ्यात तसं लिहीच, बाई.

कुणी विचारेल, "मॅडम, कोड कुणी लिहिला?" घाबरू नकोस, चिडूही नकोस. जो भाग तुझा तो 'माझा' म्हण, जो सहकाऱ्याचा तिथे त्याचं नाव घे.

आणि एक कर. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन आहे. त्यांना आणि आपल्या अग्निशमन दलाला आजच निमंत्रण पाठव आणि पहिली रांग त्यांच्यासाठी राखून ठेव.