गाडीच्या हौद्यातली बुरशी



गेल्या पावसाळ्यात सिंदीहून एका पाड्यावर शेंगदाणे घेऊन गेलो होतो. पोते उतरवताना एका आजीने त्याला नाक लावले आणि म्हणाली, "बाबू, पोत्याले कुबट वास येऊन रायला." मला वाटले, पावसाळी हवा आहे, एवढे चालायचेच. पोते उलटे केले तर खालची बाजू ओली, आणि दाण्यांवर हिरवट पूड!

परत येऊन पिकअपच्या हौद्यातली रबरी चटई उचलली. खाली पत्र्याच्या पन्हाळीत पाणी साचलेले, त्यात माती आणि सोयाबीनचा भुसा कुजलेला, चटईच्या पाठीवर पांढरे-हिरवे ठिपके. बुरशी रबर खात नाही, रबरावरची घाण खाते. पावसाचे पाणी फाळक्याच्या फटीतून आत येते, वर ताडपत्री घट्ट बांधलेली, म्हणून ओल जायला वाटच नसते. चूक माझी होती. जून लागल्यापासून मी ती चटई एकदाही उचलली नव्हती.

ती दोन पोती आम्ही पुरून टाकली, पैसे मी भरले. वाळवून वाटावीत असे कोणी सुचवलेही. पण 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या आजाराने दगावली. मका आणि शेंगदाण्यावरची एक बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ते धुण्याने वा शिजवण्याने जात नाही. आमच्या दाण्यांत ते होतेच असे नाही, पण नुसत्या नजरेने कोण सांगणार? असले दाणे गुरांनाही घालू नयेत.

आता सफाईविषयी. कोरडी बुरशी झाडू नका, ती उडून नाकात जाते. नाकाला फडके बांधा, आधी पाणी शिंपडा, मग साबणाच्या पाण्याने काथ्याच्या ब्रशने घासा. नंतर पांढरा व्हिनेगर पाणी न घालता लावून तासभर ठेवा, पुन्हा घासून भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंगने पत्रा गंजतो. आणि ब्लीचिंग व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. चटई भिंतीला उभी टेकवून दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा. हौद्याची भोके तारेने मोकळी करा. गंज असेल तिथे खरवडून प्रायमर मारा.

लेवीय 13 मध्ये कापडावर वा चामड्यावर हिरवट किंवा तांबूस चट्टा दिसला तर याजकाने तपासून सात दिवस बंद ठेवायचे, मग धुऊन आणखी सात दिवस थांबून पुन्हा पाहायचे, असा नियम आहे. धर्मशास्त्र शिकताना हा अध्याय मी भराभर उलटला होता. आता धुतल्यावर सात दिवसांनी चटई पुन्हा उचलतो. तान्हा पोळ्याच्या सुमारास दुसऱ्या खेपेलाही एका भेगेत ठिपके दिसले, तेव्हा तेवढा तुकडा कापून टाकला.

पावसाळ्यात दर शनिवारी चटई बाहेर निघते. गाडी तोंड वर आणि फाळका उताराकडे अशी लावतो. पाऊस थांबला की ताडपत्री उघडतो. धान्याखाली वीतभर उंच लाकडी फळ्या असतात. आणि पोती चढवण्याआधी मी हौद्यात वाकून वास घेतो. ड्रायव्हर हसतो, हसू दे.