श्रावणांतील जादा अंडीं व त्यांची व्यवस्था

श्रावण लागला म्हणजे आपल्याकडील पुष्कळ घरांतून मांसमत्स्याबरोबर अंडींही वर्ज्य होतात. माणसें व्रत पाळतात, पण कोंबड्यांस श्रावण ठाऊक नसतो. त्या आपल्या क्रमानें अंडीं घालीतच राहतात. घरचा खप बंद, बाजारची मागणी मंदावलेली आणि हवा दमट व उबदार, अशा तिहेरी अडचणींत तीं अंडीं टोपलींत सांचत जातात. कित्येक घरीं हा निर्बंध गौरीगणपति आटोपेपर्यंत चालतो. म्हणजे प्रश्न चार आठवड्यांचा नसून पांच आठवड्यांचा असतो, आणि या मुदतीच्या अखेरीस टोपली उघडावी तों बरींच अंडीं नासलेलीं आढळतात.

ज्या घरीं बारा कोंबड्या आहेत व त्यांपैकीं सरासरी पांच रोज अंडें देतात, त्या घरीं ३० दिवसांत १५० अंडीं जमतात. शेताच्या जमाखर्चापुढें ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु अंड्यांचा पैसा हा बहुधा घरांतील बायकांच्या हातचा पैसा असतो. मीठमिरची, मुलांच्या वह्या, दुखण्याखुपण्यांत लागणारें औषध हीं त्यांतूनच भागतात. १५० अंडीं उकिरड्यावर गेलीं तर तें नुकसान शेतकऱ्याच्या वहींत दिसत नाहीं, तरी चुलीपाशीं तें दिसतेंच. याकरितां या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करूं.

अंडें कां बिघडतें

अंड्याच्या कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. कोंबडीनें अंडें घातल्यावर त्यावर एक पातळ ओलसर लेप असतो. तो लगेच सुकतो व छिद्रांचीं तोंडें बऱ्याच अंशीं झांकतो. तरीही छिद्रांवाटे आंतील पाणी हळूहळू वाफेच्या रूपानें बाहेर जातें व त्याच्या जागीं हवा शिरते. ही हवा अंड्याच्या रुंद टोंकाशीं सांठते. अंडें जितकें जुनें तितकी ही हवेची पोकळी मोठी. त्याच छिद्रांवाटे, विशेषतः कवच ओलें असतां, बाहेरचे जंतुही आंत शिरतात.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, सांठवावयाचें अंडें धुणें हितावह नाहीं. धुतल्यानें वरील संरक्षक लेप जातो. आणि पाणी अंड्यापेक्षां थंड असल्यास आंतील हवा आकसून घाण पाणी आंत ओढलें जातें. थोडी माती लागली असल्यास ती कोरड्या फडक्यानें पुसावी. फार मळलेलें अंडें सांठवूंच नये; तें त्याच दिवशीं शिजवून खावें.

बिघाडाचें दुसरें कारण अंड्याच्या आंतच असतें. कळपांत कोंबडा असला म्हणजे बहुतेक अंडीं फलित असतात. सुमारें २१ अंश सेंटिग्रेडच्या खालीं आंतील गर्भाची वाढ थांबून राहते. त्याहून अधिक उष्णता मिळाली कीं ती सुरू होते. आपल्या घरांतील पावसाळी हवा याहून उबदार असते, पण पिल्लू होण्यास पुरेशी नसते. परिणामी गर्भ अर्धवट वाढून मरतो व अंडें लौकर कुजतें.

कोंबडा वेगळा करावा

अंडीं देण्यास कोंबडीला कोंबड्याची गरज नसते, ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांस अजून खरी वाटत नाहीं. कोंबडा केवळ पिल्लांकरितां लागतो. अफलित अंडें हें फलित अंड्यापेक्षां उबदार हवेंत अधिक टिकतें. तथापि कोंबडा आज काढला म्हणून उद्यांपासून अंडीं अफलित होत नाहींत. कोंबडीच्या शरीरांत नराचें बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहतें. आषाढी एकादशीपासून श्रावण लागेपर्यंत सुमारें १९ दिवस मिळतात. म्हणून एकादशीच्या दिवशींच कोंबडा वेगळा कोंडावा किंवा विकून टाकावा, म्हणजे श्रावणांतील बहुतेक अंडीं अफलित मिळतील. ज्यांस पिल्लें काढावयाचीं असतील त्यांनीं एक कोंबडा व दोनतीन निवडक कोंबड्या निराळ्या खुराड्यांत ठेवाव्यात आणि त्यांचीं अंडीं इतरांत मिसळूं देऊं नयेत.

गोळा करणें व पारख

अंडीं दिवसांतून दोनदां, सकाळीं व दुपारनंतर, गोळा करावींत. घरट्यांतील गवत किंवा भुसा कोरडा राखावा. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनें तारीख घालावी. या एका संवयीनें निम्मी चिंता कमी होते. अंडीं रुंद टोंक वर करून ठेवावींत. जागा थंड व वारा खेळणारी असावी. चुलीजवळ, पत्र्याखालीं अथवा कांदा, लसूण, रॉकेल यांच्या सान्निध्यांत तीं ठेवूं नयेत, कारण अंडें बाहेरचा वास ओढून घेतें. पाण्यानें भिजविलेल्या वाळूंत रांजण किंवा मडकें अर्धें पुरून त्यांत फळी घालून अंडीं ठेविलीं, तर वैशाखासारख्या कोरड्या दिवसांत चांगला थंडावा मिळतो. श्रावणांत मात्र हवाच ओलसर असल्यानें या युक्तीचा उपयोग थोडा, व बुरशीची भीति अधिक.

ज्या घरीं फ्रीज आहे त्यांनीं ताजीं अंडीं त्यांत ठेवावींत. तेथें तीं तीन ते पांच आठवडे चांगलीं राहतात. मात्र एकदां थंड केलेलीं अंडीं पुनः बाहेर काढून ठेवूं नयेत. दमट हवेंत त्यांवर दंव सांचतें व ओल्या कवचांतून जंतु आंत जातात.

पारखण्याची सोपी रीत अशी. अंडें पाण्याच्या पातेल्यांत सोडावें. ताजें अंडें तळाशीं आडवें निजतें. कांहीं दिवसांचें झालें म्हणजे रुंद टोंक वर उचलतें. त्याहून जुनें उभें राहतें. आणि फार जुनें तरंगतें. तरंगणारें अंडें वापरूं नये. ही परीक्षा वयाची आहे, निर्दोषपणाची नव्हे. म्हणून अंडें फोडतांना प्रथम निराळ्या वाटींत फोडावें व वास पाहावा. पाण्यांत घातलेलें अंडें पुनः सांठवणींत ठेवूं नये.

टिकविण्याच्या रीती

पहिली रीत चुन्याच्या निवळीची. एक किलो कळीचा चुना लोखंडी पिंपांत घेऊन त्यावर एक लिटर पाणी बेताबेतानें ओतून तो विरवावा. हें करतांना तोंड दूर ठेवावें व मुलांस जवळ येऊं देऊं नये. चुना उसळतो व डोळ्यांस इजा करतो. अल्युमिनियमच्या भांड्यांत चुना कधीं विरवूं नये, कारण तो त्या धातूस खातो. निवल्यावर त्यांत पांच लिटर पाणी व पाव किलो मीठ घालून ढवळावें. दुसऱ्या दिवशीं वरची निवळी फडक्यांतून गाळून घ्यावी. तींत त्याच दिवशींचीं, स्वच्छ, न तडकलेलीं अंडीं सुमारें १६ तास बुडवून ठेवावींत व नंतर सावलींत सुकवावींत. चुन्याचा सूक्ष्म थर छिद्रांत बसून तीं बंद होतात. अशीं अंडीं नेहमींच्या हवेंत तीन ते चार आठवडे राहतात. उकडण्यापूर्वीं त्यांच्या रुंद टोंकास सुईनें बारीक भोंक पाडावें. नाहींतर छिद्रें बंद असल्यामुळें आंतील हवा फुगून कवच फुटतें.

दुसरी रीत तेलाची. वासहीन व रंगहीन, खाण्यास योग्य अशा खनिज तेलाचा पातळ हात अंडें घातल्याच्या दिवशींच त्यावर फिरवावा. भुईमुगाचें तेल यास चालत नाहीं. तें खवट होऊन अंड्यास वास लागतो.

तिसरी रीत उष्णतेची. अंडीं ५४ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत १५ मिनिटें ठेवलीं असतां कवचाजवळील पांढऱ्या भागाचा किंचित् थर आळतो, व फलित अंड्यांतील गर्भही मरतो. या रीतीस उष्णतामापक अवश्य पाहिजे. हाताच्या अंदाजानें केल्यास अंडीं अर्धीं शिजतील किंवा कांहींच साधणार नाहीं.

या तिन्ही रीती अंडें टिकवितात, शुद्ध करीत नाहींत. कोंबडीच्या पोटांतूनच अंड्यांत आलेले रोगजंतु यांपैकीं पहिल्या दोन रीतींनीं मुळींच मरत नाहींत, व तिसरीनें मरतील असा भरंवसा धरूं नये. तेव्हां सांठवलेलें अंडें नेहमीं पांढरा भाग व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावें.

लोणच्याविषयीं सावधगिरी

जादा जिन्नस दिसला कीं त्याचें लोणचें घालावें ही आपली जुनी रूढि. अंड्याच्या बाबतींत ती जिवावर बेतूं शकते. १९९७ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत घरीं केलेल्या अंड्यांच्या लोणच्यापासून एका गृहस्थास बोटुलिझम नांवाची भयंकर विषबाधा झाली. उकडलेलीं अंडीं टोचून व्हिनेगरांत घातलीं होतीं व बरणी बाहेरच ठेविली होती. आंबटपणा बलकापर्यंत पोंचण्यास वेळ लागतो; तोंपर्यंत टोंचण्याबरोबर आंत गेलेले जंतु हवा नसलेल्या जागीं वाढून विष तयार करतात. वर तेलाचा थर दिल्यानें हवा आणखीच अडते. म्हणून असें लोणचें करावयाचें तर अंडें न टोंचतां, भरपूर व्हिनेगरांत, आणि केल्या क्षणापासून फ्रीजमध्यें ठेवून. फ्रीज नसेल तर हा बेत सोडून द्यावा.

खुडूक कोंबडी बसविणें

अंडें टिकविण्यापेक्षां त्याचें पिल्लू करणें कित्येकदां अधिक किफायतीचें असतें. गांवठी कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिच्याखालीं १० ते १२ अंडीं ठेवावींत. तीं निराळ्या ठेवलेल्या कोंबड्यांचीं, मध्यम आकाराचीं व सात दिवसांपेक्षां जुनीं नसलेलीं असावींत. सातव्या दिवशीं रात्रीं विजेरीच्या उजेडांत तीं पाहावींत. फलित अंड्यांत लाल शिरांचें जाळें दिसतें. जें अंडें स्वच्छ पारदर्शक दिसेल तें काढून घ्यावें. एकविसाव्या दिवशीं पिल्लें बाहेर येतात.

श्रावणांत बसविलेल्या कोंबडीचीं पिल्लें भाद्रपदाच्या ओलींत वाढतात हें मात्र विसरूं नये. ओल्या जमिनीवर रक्ती हगवण लागते, म्हणून जागा उंच व कोरडी असावी, भुसा रोज हलवावा. पहिल्या आठवड्यांतच राणीखेत रोगाची लस पशुवैद्यकीय दवाखान्यांतून टोचून किंवा डोळ्यांत थेंब घालून घ्यावी, जशी तेथें सांगतील तशी. जितकीं पिल्लें नीट वाढवितां येतील तितक्याच कोंबड्या बसवाव्यात. अशा पिल्लांपैकीं नर फाल्गुन-चैत्रांतील जत्रांच्या सुमारास विक्रीस येतात, व तलंगा त्याच सुमारास अंड्यावर येऊं लागतात.

विक्री व विश्वास

श्रावणांत गांवांतील प्रत्येक घर व्रत पाळतेंच असें नाहीं. पहिल्या पंधरवड्याचीं अंडीं सांठवूं नयेत. तीं जवळच्या गिऱ्हाइकांस आठवड्यांतून दोनदां ताजीं पोंचवावींत, आणि घरांत ज्यांस निर्बंध नाहीं अशा लहान मुलांस व गर्भार स्त्रियांस उकडून द्यावींत. दुसऱ्या पंधरवड्याचीं अंडीं चुन्याच्या निवळींतून काढून ठेवल्यास गौरीगणपति होईपर्यंत टिकतात. मात्र विकतांना "हीं चुन्यांतून काढलेलीं आहेत" असें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावें. गांवठी अंड्यास जी जास्त किंमत मिळते ती विश्वासाची किंमत आहे. डझनांत एक नासकें निघालें कीं ती जाते.

हा विश्वास एकट्यादुकट्यापेक्षां संघास अधिक राखतां येतो. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनीं १८९५ सालीं अंड्यांच्या निर्गतीसाठीं सहकारी संस्था काढली. प्रत्येक अंड्यावर सभासदाच्या क्रमांकाचा शिक्का असे; नासकें अंडें निघाल्यास तें कोणाचें हें तात्काळ समजे व त्यास दंड होई. तारीख व क्रमांक घालून अंडीं एकत्र गोळा करण्याची ही पद्धति पांचदहा घरांच्या गटासही आचरतां येण्यासारखी आहे. त्यास भांडवल लागत नाहीं. एक पेन्सिल, एक वही व आठवड्याचे दोन ठरलेले दिवस एवढें पुरें.

जें उरेल त्याचें काय

इतकें करूनही जीं अंडीं उरतील तीं उकडून, कुसकरून पिल्लांस व कोंबड्यांस खाऊं घालावींत. कच्चीं कधीं घालूं नयेत. कोंबडीस अंडें फोडून खाण्याची खोड लागली कीं ती सुटत नाहीं. कवचें बहुतांशीं चुनखडीचींच असतात. तीं भाजून बारीक कुटून खाद्यांत घातल्यास पुढील अंड्यांचें कवच बळकट होतें. नासलेलीं अंडीं मात्र कोणासही न घालतां खतखड्यांत खोल पुरावींत.

या वर्षीं आषाढी एकादशीस आमच्या वाचकांनीं दोनच गोष्टी कराव्यात : कोंबडा वेगळा कोंडावा, आणि अंड्यांच्या टोपलीस दोऱ्यानें एक पेन्सिल बांधून ठेवावी. पुढील सर्व व्यवस्था या दोहोंवर उभी राहते.