वळीव आणि मेघमाला

ज्येष्ठात चौसाळ्याची सकाळ पुष्कळदा निरभ्र उगवते. दुपारपर्यंत जमीन तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, थंडावते, आणि तिसऱ्या प्रहरी बालाघाटावर मेघ गर्जू लागतात. हाच वळीव. खुल्या समुद्रावर मात्र पाऊस बहुधा पहाटे अधिक; क्रम अगदी उलटा! इंडोनेशियाच्या बेटांवर दुपारचे असले मेघ इतके प्रबळ होतात, की हिंदी महासागरातून पूर्वेकडे सरकणारी विशाल मेघमाला तेथे अनेकदा दुर्बळ होते. ३० ते ६० दिवसांच्या या आवर्तनाचा शोध मॅडन व ज्युलियन यांनी १९७१ मध्ये लावला. आपल्या मोसमी पावसातील खंडांशीही त्याचा संबंध आहे. एका वळिवावर विसंबून पेरणी केली आणि मागून खंड पडला, तर अंकुर करपतात व शेतकऱ्यास दुबार पेरणी करावी लागते.